करार नीट लावायचेत: सॉफ्टवेअरमध्ये लेबलं किती, कोणती आणि कोणी ठरवायची?

करारनोंद

नमस्कार मंडळी. कंपनीतल्या सगळ्या करारांची नोंद ठेवायचं काम आता माझ्याकडे आलंय. ग्राहकांचे, पुरवठादारांचे, जागेचे, सॉफ्टवेअरच्या वर्गण्यांचे, सल्लागारांचे असे सगळे मिळून नऊशेच्या आसपास करार आहेत. आधी हे सगळं शेअर्ड ड्राइव्हवर फोल्डरांमध्ये होतं. आता करार सांभाळायचं सॉफ्टवेअर घेतलंय आणि त्यात आपल्याला हवी ती लेबलं बनवून करारावर लावता येतात.

अडचण अशी झालीये की लेबल बनवायचा हक्क पहिल्यापासून सगळ्यांना होता, त्यामुळे आज यादीत दोनशेच्या वर लेबलं आहेत. गोपनीयतेच्या एकाच प्रकारच्या कराराला (इंग्रजीत एनडीए) "एनडीए" वेगळं, "एन.डी.ए." वेगळं, "गोपनीयता" वेगळं आणि "गोपनीयता करार" आणखी वेगळं. शिवाय "अर्जंट", "बघायचंय", "जुनं", "साहेबांना विचारणे" हे पण आहेच. फिल्टर लावला की काही करार येतात, पण सगळे आले का हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून लोक परत पार्टीच्या नावाने शोधायला लागलेत आणि लेबलं नुसती रंगीत दिसायला राहिलीत.

सगळं पुसून नव्याने बसवायची माझी तयारी आहे, पण ते एकदाच करायचंय. कोणी हे नीट बसवलंय का? किती लेबलं ठेवायची, नावं कशी द्यायची, सुरुवात कुठून करायची?

शिस्तप्रिय

पहिली गोष्ट, पुसू नका! आत्ता आहे तशी पूर्ण यादी एक्स्पोर्ट करून घ्या, प्रत्येक लेबल किती करारांवर आहे तो आकडा सोबत घ्या आणि त्या आकड्यावर सॉर्ट करा. मग दोन्ही टोकं बघा. एक किंवा दोनच करारांवर असलेलं लेबल बहुतेक वेळा कुणीतरी स्वतःच्या आठवणीसाठी लावलेलं असतं. आणि जवळपास सगळ्याच करारांवर असलेलं लेबलही उपयोगाचं नाही, कारण ते लावून काहीच बाजूला निघत नाही. "महत्त्वाचे" हे लेबल माझ्या बघण्यात हमखास या दुसऱ्या टोकाला सापडतं.

मधे जी उरतात ती खरी कामाची, आणि ती मोजकीच असतात.

पानगळ

मी जरा उलटं बोलतो. फोल्डर वाईट नव्हते. करार एका जागी असायचा, शोधायचा कुठे हे माहिती असायचं, नवीन माणसाला पण दाखवता यायचं. लेबलांच्या नादात लोक फाइल कुठे आहे हेच विसरतात. वर्षाचा फोल्डर, त्यात पार्टीचा फोल्डर, संपलं. अजूनही मला तेच बरं वाटतं.

कायदेकोन

पानगळ, तुमचं म्हणणं पन्नास-साठ करारांपर्यंत बरोबर आहे आणि तिथे मी पण फोल्डरच सांगेन. त्यापुढे मात्र फोल्डर अडतो, कारण त्याला एकच उत्तर देता येतं. समजा एका पुरवठादाराचा सेवा करार आहे, तो दरवर्षी आपोआप वाढतो, त्यात ग्राहकांची वैयक्तिक माहिती त्यांच्या हातात जाते आणि तो आपल्या दुसऱ्या उपकंपनीच्या नावाने झालाय. आता हा कुठल्या फोल्डरमध्ये ठेवणार? चार ठिकाणी कॉपी ठेवली तर सही झालेली खरी प्रत कोणती हा नवा घोळ. आणि फोल्डरात फोल्डर करत गेलं की विंडोजची २६० अक्षरांची जुनी पाथ-मर्यादा (फोल्डरांसकट फाइलच्या पूर्ण पत्त्याची लांबी) आडवी येते, फाइल उघडतच नाही, हे ज्यांनी भोगलंय त्यांना माहिती आहे. २००४ मध्ये जीमेल आलं तेव्हा त्यांनी फोल्डरांऐवजी लेबलं दिली ती याचसाठी, की एकच मेल दोन-तीन ठिकाणी दिसावी पण मेल एकच राहावी.

आता करारनोंद यांच्या मूळ प्रश्नावर. माझं मत इतक्या वर्षांच्या कामातून एकाच ठिकाणी येऊन ठरलंय: लेबल म्हणजे कुणीतरी विचारणार असलेल्या प्रश्नाचं आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. लेबल बनवण्याआधी विचारायचं, हा प्रश्न कोण विचारणार आणि कधी? नाव सांगता आलं नाही तर लेबल बनवायचं नाही.

हे हवेतलं वाटू नये म्हणून तीन खरे प्रसंग सांगतो, जगभरच्या कंपन्यांवर आलेले.

२५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू झाला. त्याच्या कलम २८ प्रमाणे तुमच्या वतीने जो कोणी वैयक्तिक माहिती हाताळतो त्याच्याशी तसा लेखी करार असावाच लागतो. लगेच प्रश्न आला की आपले असे पुरवठादार कोणकोण? ज्यांच्याकडे "वैयक्तिक माहिती: जाते" असं काही लिहिलेलं होतं त्यांना यादी एका फिल्टरात मिळाली, बाकीच्यांनी एकेक पीडीएफ उघडली.

मार्च २०२० मध्ये साथ जाहीर झाली आणि कायदा विभागाला सगळीकडून एकच विचारणा, आपल्या कुठल्या करारांत फोर्स मेजरचं (हाताबाहेरच्या संकटात जबाबदारीतून सूट देणारं) कलम आहे आणि त्यात साथीचा रोग धरलाय का?

तिसरा लायबोरचा. हा व्याजाचा दर कर्जाच्या आणि इतर कितीतरी करारांत लिहिलेला असायचा. त्याचे बरेचसे दर ३१ डिसेंबर २०२१ नंतर बंद झाले आणि डॉलरचे उरलेले मुख्य दर ३० जून २०२३ नंतर. ज्यात तो शब्द आहे असा प्रत्येक करार शोधून त्यात पर्यायी दर आहे का ते बघावं लागलं.

तिन्ही वेळा करार कपाटात किंवा सर्व्हरवर व्यवस्थित होतेच. हरवलेलं काहीच नव्हतं. "यातले कुठले?" एवढ्याचंच उत्तर नव्हतं.

लेखापाल_ताई

कायदेकोन यांना +१, आणि हिशोबाच्या बाजूचा चौथा प्रसंग मी जोडते. आयएफआरएस १६ हे भाडेपट्ट्यांच्या हिशोबाचं आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१९ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालं. त्याआधी भाड्याने घेतलेल्या बऱ्याच गोष्टी ताळेबंदात यायच्या नाहीत, नुसता खर्च पडायचा. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंतचे आणि कमी किमतीच्या वस्तूंचे सोडले तर बाकी जवळपास सगळे भाडेपट्टे ताळेबंदात आणावे लागले. आता जागेचे करार शोधणं सोपं होतं हो, पण खरी मेहनत होती ती सेवा करारांत लपलेल्या भाडेपट्ट्यांची. कागदावर नाव "सेवा करार", आणि आत लिहिलंय की अमुक क्रमांकाचं यंत्र किंवा अमुक गाड्या फक्त तुमच्याच वापरासाठी ठेवल्या जातील आणि त्या कशा वापरायच्या ते तुम्ही ठरवाल. तो भाडेपट्टा ठरू शकतो.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली आणि ती मी सगळ्यांना सांगत असते. हो-नाही प्रकारच्या लेबलाला तिसरी किंमत हवीच: "तपासलं नाही". "भाडेपट्टा आहे", "भाडेपट्टा नाही", "तपासलं नाही". कारण लेबल नसणं याचे दोन अर्थ होतात. एकतर कुणीतरी करार वाचला आणि त्यात ती गोष्ट नाही असं ठरवलं, किंवा कुणी वाचलाच नाही. ऑडिटरसमोर या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. करारनोंद, तुम्ही लिहिलंत ना की फिल्टर लावल्यावर सगळे आले का ते कळत नाही, त्याचं मूळ बहुतेक इथेच आहे. फिल्टरमधे "आहे" आणि "तपासलं नाही" दोन्ही घेतले की निदान धोका किती करारांत उरलाय ते तरी दिसतं, आणि "तपासलं नाही"चा आकडा आठवड्यागणिक खाली येताना बघितला की टीमलाही काम पुढे सरकतंय असं वाटतं.

करारनोंद

ताई, हे "तपासलं नाही" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि अगदी बरोबर आहे. आमच्याकडे रिकामं म्हणजे नाही असंच सगळे धरून चालतात.

आता एक विचारते. आमच्या दोनशेतली कितीतरी लेबलं तारखांची आहेत. "डिसेंबरला संपतो", "नूतनीकरण पहिली तिमाही", "लवकर संपणार". ही ठेवायची का?

खरेदीखाते

नाही!! तारीख कधीच लेबलात घालायची नाही. तारखेसाठी तारखेचा रकाना असतो, तो सॉर्ट होतो, त्याच्यावर आठवण लावता येते. "लवकर संपणार" हे लेबल लावलं त्या दिवशी खरं असतं आणि तीन महिन्यांनी खोटं होतं, ते काढायला कुणी येत नाही.

आणि तारखा लिहिताना वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं तसं, २०२६-०४-०३ असं. नाहीतर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च यावर दोन देशांतल्या ऑफिसांत गोंधळ ठरलेला.

खरेदीवाल्यांना करार संपायच्या तारखेपेक्षाही महत्त्वाची तारीख वेगळीच असते. आपोआप वाढणारा करार ३१ डिसेंबरला संपतोय आणि नोटीस ९० दिवस आधी द्यायचीये, तर तुमची खरी शेवटची तारीख २ ऑक्टोबर. ३ ऑक्टोबरला जाग आली तर आणखी एक वर्ष पैसे भरा. म्हणून मी तीन रकाने ठेवायला सांगतो: संपायची तारीख, नोटीसचे दिवस, आणि त्यातून सॉफ्टवेअरने काढलेली नोटीसची शेवटची तारीख. आठवण या तिसऱ्यावर लावायची, आणि ती पण चांगली दोन महिने आधी, कारण तो करार ठेवायचा की सोडायचा हे ठरवायला, दुसरे दर मागवायला वेळ लागतो, नुसती नोटीस टाईप करायला नाही.

लेबल इथे एकच लागतं: "मुदतवाढ: आपोआप", "मुदतवाढ: सहीने", "मुदतवाढ: बेमुदत". हे नुसते दिवस गेले म्हणून बदलत नाही, म्हणून ते लेबल.

शिस्तप्रिय

खरेदीखाते यांनी जे तारखेबद्दल सांगितलं तेच अवस्थेबद्दल. मसुदा, तपासणीत, सहीला पाठवला, चालू, संपला, रद्द, हे लेबल नाही, हा एकच स्टेटस रकाना, ज्यात एका वेळी एकच किंमत असू शकते. लेबलांनी केलं की एकाच करारावर "मसुदा" आणि "चालू" दोन्ही दिसतात. रक्कम पण तशीच, "मोठा करार" नको, आकडा लिहा आणि शेजारी चलन लिहा.

ग्रंथपाल

हा धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे जे शोधताय ते ग्रंथालयशास्त्रात बऱ्याच आधी मांडून झालंय. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन क्लासिफिकेशन ही पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली, तिच्या आधीच्या पद्धतींत पुस्तकाला झाडाच्या एकाच फांदीवर बसवायचा प्रयत्न असायचा. रंगनाथनांनी सांगितलं की विषयाला एकाच वेळी वेगवेगळ्या बाजू असतात, प्रत्येक बाजूचं उत्तर वेगळं लिहा आणि मग ती जोडा. त्यांनी मूलभूत बाजू पाच मानल्या: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल.

करारांना हे जसंच्या तसं लावायची गरज नाही पण विचार तोच ठेवा. लेबलांची एक लांबलचक यादी करू नका, गट करा, आणि प्रत्येक गट एकाच बाजूबद्दल बोलेल असं बघा. करार कुठल्या प्रकारचा, आपल्या बाजूने कोण, समोर कोण, कुठल्या देशाचा कायदा लागू, आत कुठली जोखमीची कलमं. एका गटातली दोन उत्तरं एकमेकांत मिसळत असतील तर गट चुकलाय. उदाहरणार्थ "सेवा करार" आणि "परदेशी करार" एकाच गटात असतील तर परदेशी कंपनीच्या सेवा कराराला काय लावायचं यावर रोज वाद होणार, कारण एक प्रकार सांगतोय आणि दुसरं ठिकाण.

शोधताना नियम साधा असतो: एकाच गटातल्या दोन लेबलांवर टिक केली की "हे किंवा ते", वेगवेगळ्या गटांतल्या टिकांमध्ये "हे आणि ते". तुमचं सॉफ्टवेअर असं चालतं का ते एकदा करून बघा, काही ठिकाणी सगळीकडे "आणि" लागतं आणि मग निकाल रिकामा येतो, लोकांना वाटतं करारच नाहीत.

करारनोंद

ग्रंथपाल, फार आभार, तुमचा प्रतिसाद छापून टेबलावर ठेवलाय. सगळ्यांचं वाचून मी हा आराखडा केलाय, फोडून काढा:

प्रकार: गोपनीयता, सेवा, खरेदी, विक्री, जागा, सॉफ्टवेअर वर्गणी, सल्लागार
आमची कंपनी: (आमच्या तिन्ही संस्थांची नावं)
विभाग: खरेदी, विक्री, आयटी, एचआर, कारखाना
मुदतवाढ: आपोआप, सहीने, बेमुदत
वैयक्तिक माहिती: जाते, जात नाही, तपासलं नाही
भाडेपट्टा: आहे, नाही, तपासलं नाही
जबाबदारीची मर्यादा: आहे, नाही, तपासलं नाही
कायदा: (देशाचं नाव)

प्रत्येक लेबलाच्या आधी गटाचं नाव लिहायचं असं ठरवलंय, म्हणजे यादीत एका गटाची सगळी आपोआप शेजारी येतात.

कायदेकोन

चांगलाय. दोन बदल सुचवतो. "विभाग" हा गट काढा आणि त्याजागी "करार सांभाळणारी व्यक्ती किंवा पद" असा रकाना घ्या. विभाग दर दोन वर्षांनी फुटतात, एक होतात, नावं बदलतात आणि लेबलं जुनीच राहतात. आठवण कोणाला पाठवायची हे मात्र कायम लागतं. आणि पद लिहिलेलं बरं, माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या बंद झालेल्या मेलवर आठवणी जात राहतात आणि इकडे नोटीसची तारीख निघून जाते.

दुसरं, एक गट वाढवा: "हस्तांतर: चालतं, संमती लागते, चालत नाही, तपासलं नाही". कंपनी विकायची किंवा दुसरी घ्यायची वेळ आली की समोरचे वकील पहिल्या काही प्रश्नांत हेच विचारतात, मालकी बदलली तर कुठल्या करारांना समोरच्याची संमती लागेल? तेव्हा हातात वेळ फार कमी असतो.

आणि एक फार मनापासून सांगतो, लेबलात मत लिहू नका. "त्रासदायक ग्राहक", "केस होणार", "यांना फसवलंय" असली लेबलं मी प्रत्यक्ष पाहिली आहेत. लेबल ही पण नोंदच आहे. वाद कोर्टात किंवा लवादापुढे गेला तर सिस्टीममधल्या नोंदी मागवल्या जाऊ शकतात. काही सॉफ्टवेअरमध्ये समोरच्या पार्टीला कराराचं पान शेअर करता येतं आणि सेटिंग नीट नसेल तर लेबलं पण त्यांना दिसतात. समोरच्याने वाचलं तरी चालेल तेवढंच लेबलात लिहायचं, बाकीचं वकिलाशी बोलायचं.

सर्व्हरखालचा

तांत्रिक बाजूचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हे सगळं बसवायच्या आधी तपासा.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लेबल आतून कसं साठवलंय? प्रत्येक लेबलाला आयडी असेल तर नाव एकदा बदललं की सगळ्या करारांवर बदलतं. नुसता मजकूर साठवला असेल तर नाव बदलल्यावर जुन्या करारांवर जुनं नाव राहतं आणि तुमची दोनची चार होतात. एक चाचणीचं लेबल बनवा, दोन करारांवर लावा, नाव बदला, बघा काय होतं. आणि दोन लेबलं एकत्र करायची सोय, म्हणजे मर्ज, आहे का ते पण बघा. "एनडीए"च्या चार भावंडांसाठी तुम्हाला ती लागणारच, नसेल तर एकेक करार उघडत बसावं लागेल किंवा एक्स्पोर्ट करून परत इम्पोर्ट.

इम्पोर्ट सीएसव्हीतून (रकाने स्वल्पविरामाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीतून) करणार असाल तर लेबलाच्या नावात स्वल्पविराम नको, कारण खूप ठिकाणी एका रकान्यातली अनेक लेबलं स्वल्पविरामानेच तोडतात. मराठी लेबलं असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्येच (अक्षरं साठवायची एक पद्धत) सेव्ह करा, आणि एक्सेलमधे डबलक्लिक करून उघडायची असेल तर बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण), नाहीतर देवनागरीचा चिखल दिसतो, आणि ती तशीच सेव्ह करून परत चढवली की मूळ नावं कायमची जातात.

मराठीतलं आणखी एक, ज्याने मी हैराण झालोय. "संपणाऱ्या", "येणाऱ्या" यातला ऱ्य दोन प्रकारे टाईप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, काही र, हलंत आणि मधे एक न दिसणारं, अक्षरं जोडणारं झेडडब्ल्यूजे अक्षर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. त्यामुळे यादीत एकच लेबल दोनदा दिसतं आणि प्रत्येकात निम्मे करार. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेस पण असाच घोळ करते. सोपा उपाय म्हणजे लेबल कोणालाच टाईप करू द्यायचं नाही, फक्त यादीतून निवडायचं.

नवशिकी

मला एक विचारायचंय. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एआयने आपोआप लेबल लावायची सोय आलीये. पीडीएफ टाकली की ते स्वतः वाचून लेबलं सुचवतं. मग हे एवढं सगळं हाताने कशाला?

लेखापाल_ताई

नवशिकी, वापरा, जरूर वापरा, नऊशे करार माणसाने पहिल्यापासून वाचण्यापेक्षा ते बरंच. पण दोन गोष्टी बघा. जुने करार स्कॅन केलेले असतात, म्हणजे पानाचा फोटोच, त्यावर आधी ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणं) झालं नसेल तर मशिनला वाचायला काही मिळतच नाही. आणि कलम सापडलं हे सांगणं मशिनला सोपं जातं, कलम नाही हे सांगणं कठीण, कारण ते कलम पुढच्या दुरुस्तीपत्रात असू शकतं, किंवा "इतर अटी आमच्या वेबसाइटप्रमाणे" अशा एका ओळीआड दडलेलं असतं. म्हणून मी मशिनच्या उत्तराला वेगळी किंमत देते, "सुचवलंय". माणसाने बघितल्यावरच ते "आहे" किंवा "नाही" होतं. सगळे बघायला वेळ नसेल तर जास्त रकमेचे सगळे बघायचे आणि बाकीच्यांतले काही कसेही उचलून तपासायचे, त्यात चुका फार निघाल्या तर तो गट पूर्ण हाताने करायचा.

पानगळ

मी सगळं वाचलं आणि गटांचं मला पटलंय, मान्य करतो. पण एक शंका अजून आहे. आमच्याकडे एक मोठा मुख्य करार असतो, त्याखाली प्रत्येक कामाचा वेगळा कामाचा तपशील, आणि त्यावर दुरुस्त्या. फोल्डरमध्ये हे सगळं एकत्र दिसायचं. लेबलांत हे कसं दाखवणार? पार्टीचं नाव लेबल म्हणून लावायचं?

खरेदीखाते

पार्टीचं नाव लेबल नको, नाहीतर जितक्या पार्ट्या तितकी लेबलं. तो रकाना.

मुख्य करार आणि त्याची पिल्लं हे नातं आहे, ते लेबलाने सांगता येत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये "संबंधित करार" किंवा "मूळ करार" जोडायची सोय असते, ती वापरा. प्रत्येक कामाच्या तपशिलाला आणि दुरुस्तीला मूळ करार जोडलेला असलाच पाहिजे, तो नसेल तर नोंद पुढे जाऊ द्यायची नाही.

आणि इथे एक फार बारीक गोष्ट आहे, पानगळ. दुरुस्ती आली की मुख्य करारावरचं लेबल बदलायचं, नुसतं दुरुस्तीवर लावून भागत नाही. समजा मुख्य करारात मुदतवाढ आपोआप होती आणि दुसऱ्या दुरुस्तीत ती सहीने झाली. मुख्य करारावर "आपोआप" तसंच राहिलं तर फिल्टर तुम्हाला खोटं सांगणार. लेबल कागदावर काय छापलंय ते सांगत नाही, आज काय लागू आहे ते सांगतं. दुरुस्ती सही होऊन आली की मुख्य कराराची सगळी लेबलं परत एकदा बघायची, ही पायरी कामाच्या यादीतच घालून टाका.

पानगळ

हे मात्र फोल्डरमध्ये कधीच दिसलं नसतं. पटलं.

शिस्तप्रिय

रंगांचं कोणी विचारलं नाही पण सांगतो, लाल-हिरव्यावर अर्थ ठेवू नका. काही लोकांना त्यातला फरक दिसत नाही, आणि प्रिंट काळी-पांढरी निघते. रंग गटाला द्या, किंमत शब्दात वाचता आली पाहिजे.

आणि यादीचा एकच मालक ठेवा. नवीन लेबल हवं असेल तर त्या व्यक्तीकडे एका ओळीत मागायचं: कुठला प्रश्न, कोण विचारणार. मालकाने तीन-चार महिन्यांतून एकदा आकडे काढायचे, जे फिल्टर कोणी वापरत नाही ते विचारून काढून टाकायचे. सगळ्यांना बनवायला खुलं ठेवणं फोटो, लेख अशा ठिकाणी छान चालतं, तिथे एखादं सुटलं तरी बिघडत नाही. करारात सुटलेला एकच करार महागात पडतो.

करारनोंद

यादीची मालक मीच होणार असं आज वरिष्ठांशी बोलून ठरवलं, आणि लेबल बनवायचा बाकीच्यांचा हक्क काढायला आयटीला सांगितलंय. काही जण नाराज आहेत कारण त्यांची स्वतःच्या आठवणीची लेबलं जाणार.

सर्व्हरखालचा

त्यांच्यासाठी खाजगी टिपण किंवा "माझी यादी" अशी सोय आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी असते. त्यांची गरज खरी आहे, फक्त ती सगळ्यांच्या यादीत नको. आणि अजून एक, लेबल म्हणजे परवानगी नव्हे. "गोपनीय" असं लेबल लावल्याने पगाराचे करार कोणाला दिसायचे थांबत नाहीत. कोण काय बघू शकतो ते परवानग्यांच्या सेटिंगमध्येच करावं लागतं. एक साध्या हक्कांचं चाचणी खातं काढा आणि त्यातून लॉगिन करून काय काय दिसतं ते स्वतः बघा.

करारनोंद

बघते आजच. शेवटचा प्रश्न: नऊशेतले निम्म्याहून जास्त संपलेले आहेत. त्यांना पण हे सगळं लावायचं का? मी असा विचार करत होते की फक्त चालू करार घ्यावेत आणि बाकीचे "संपला" करून सोडून द्यावेत.

कायदेकोन

सुरुवात चालूंपासूनच करा, त्यातही ज्यांची नोटीसची तारीख सगळ्यात जवळ आहे ते आधी. ते झाले की रकमेने मोठे. नवीन येणारा प्रत्येक करार मात्र पहिल्या दिवसापासून नव्या पद्धतीने, सगळे गट भरल्याशिवाय "चालू" होऊच द्यायचा नाही, नाहीतर मागचं उपसताना पुढचं साचत जातं.

संपलेले मात्र पूर्ण सोडू नका. करार संपला तरी त्यातली काही कलमं पुढे चालू राहतात. गोपनीयता बऱ्याचदा संपल्यावरही काही वर्षं असते, कधी बेमुदत. नुकसानभरपाईचं कलम, वॉरंटी, समोरच्याला तुमचे हिशोब तपासायचा हक्क, माहिती परत करायची किंवा नष्ट करायची अट, हे सगळं त्यात येतं. संपलेल्यांना बाकी काही लावू नका, फक्त एक गट: "संपल्यावर लागू: आहे, नाही, तपासलं नाही", आणि असेल तर कुठपर्यंत ती तारीख रकान्यात. सगळ्यांना आत्ता "तपासलं नाही" एकगठ्ठा लावून टाका, इम्पोर्टने होईल. मग अलीकडे संपलेल्यांपासून मागे मागे जात वाचा. जुन्या फाइली नष्ट करायची वेळ येईल तेव्हा या गटात "नाही" असलेलेच पुढे काढायचे, आणि ते पण तुमच्याकडे कागद किती वर्षं ठेवायचा कायदा आहे ते बघून.

करारनोंद

ठीक. म्हणजे संपलेल्यांची इम्पोर्ट फाइल आधी, कारण ती सोपी आहे. मग नोटीसच्या तारखेने लावून चालू करार. "एनडीए"ची चार नावं उद्या चाचणी करून मग मर्ज करते, आयडीचं काय निघतं ते इथेच लिहीन.